भरीव चौकोन, पोकळ चौकोन

“खोकला आला तर काय गिळून टाकू?”

“गिळा, नाहीतर मागच्या दारी जाऊन खोका. पण वर तिचा सरावाचा पेपर चाललाय तोवर घरात नको. कितीदा सांगायचं वन्सं तुम्हाला?”

“मागच्या दारी? हे गुडघे घेऊन?”

“गुडघे काही मी नाही दिले तुम्हाला. उभं आयुष्य स्टुलावर बसून काढलंत, त्याचे आहेत ते.”

“तोंड सांभाळ.”

“तुम्ही खोकला सांभाळा.”

दोघी भांडत होत्या, पण कुजबुजत. भावजय ओट्यापाशी उभी राहून डबे पुसत होती, नणंद जिन्याखालच्या खाटेवर गुडघ्याला फडकं गुंडाळून बसली होती, आणि दोघींच्या तोंडून शब्द चुलीतल्या ठिणग्यांसारखे उडत होते. आवाज मात्र नावाला नव्हता. कुणी परक्यानं दारातून पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, नणंदा-भावजया घरातलं काही गुपित बोलताहेत. या घरात दोन वर्षं भांडणसुद्धा कुजबुजत करायची रीत होती, आणि ती रीत नणंदेनंच घालून दिली होती. पोरगी वर अभ्यासाला बसली की खाली नळ बारीक सोडायचा, भांडं ठेवताना खाली फडकं घालायचं, आणि भांडायचंच असेल तर ओठांनी भांडायचं.

“ते बाहेरच्या रस्त्यावरचं म्हाताऱ्या माणसांचं घर आहे ना,” भावजय डब्याचं झाकण लावत म्हणाली, “तिथे एक खाट रिकामी झालीय. मी जाऊन पाहून आले. उद्या उत्तर द्यायचंय.”

“कुणासाठी?”

“माझ्यासाठी नाही.”

नणंदबाई हसल्या. “अगं, वरची खोली माझ्या फंडातून चढवलीय. त्या खोलीसकट उचलून नेणार आहेस का मला?”

“खोलीला खोकला नाही. खोली राहील.”

“आणि पोरगी? पोरगी जाऊ देईल मला? तिला घडवली कुणी? तू? नवऱ्याचा सदरा उलटा वाळत घालणारी तू?”

“मग तिलाच विचारू.”

“विचार की! ती खाली आली की विचार. पोरगी म्हणेल तसं.”

“कबूल?”

“कबूल. शंभरदा कबूल.”

भावजयीनं फडकं झटकलं आणि खिळ्याला अडकवलं. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पण इतक्या वर्षांत नणंदेनं तिचं म्हणणं पहिल्यांदाच मान्य केलं होतं, आणि तेही इतक्या हौसेनं.

घरात त्या आत्या. गल्लीत भोंगाबाई. भोंगाबाई हे नाव तोंडावर कुणी घेत नसे, पण पाठीमागे दुसरं नाव कुणाला माहीतही नव्हतं.

बाईंचं सगळं आयुष्य मोज्यांच्या कारखान्याच्या फाटकावर गेलं. फाटकाला लागून एक काचेची खोली, खोलीत एक उंच स्टूल आणि भिंतीवर काळा फळा. हजेरीचं काम त्यांचं. सकाळी भोंगा वाजायचा, आणि त्याचा आवाज हवेत विरायच्या आत बाई उठून फाटकाला अडसर घालायच्या. मग बाहेर कोण राहिलं, का राहिलं, धावून धाप लागलीय की रडून, हे बघणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. उशिरा आलेल्यांनी बाहेरच्या पत्र्याखाली, डबा हातात धरून, मधली सुट्टी होईपर्यंत उभं राहायचं. रस्त्यानं जाणारा-येणारा बघत जायचा. एकदा एक बाई फाटकाच्या गजांतून हात घालून म्हणाली होती, “पोराला ताप आहे हो, रात्रभर डोळ्याला डोळा नाही.” बाईंनी काचेतून उत्तर दिलं, “मग झोपायला घरी जा.” ती बाई पुन्हा कधी उशिरा आली नाही. खरं म्हणजे ती पुन्हा आलीच नाही. पण बाई ही गोष्ट सांगताना पहिल्या वाक्यावरच थांबत.

फळ्याची युक्तीही त्यांचीच. प्रत्येक कामगाराच्या नावापुढे दिवसाचे चौकोन काढलेले. माणूस मशीनवर असला की चौकोन खडूनं भरायचा. तो पाणी प्यायला गेला, पाय मोकळे करायला गेला, शेजारणीशी दोन शब्द बोलायला वळला, की तो चौकोन पोकळ ठेवायचा. महिनाअखेर फळ्याकडे लांबून नुसतं पाहिलं तरी कळायचं, कोण कामाचं आणि कोण नाही. साहेब खूश झाले. कामगारांनी मात्र फळ्याखाली एकदा मेलेला उंदीर आणून ठेवला. बाईंनी तो शेपटीला धरून बाहेर टाकला आणि परत येऊन ज्याचा संशय होता त्याचे दोन चौकोन पुसले.

धाकटा भाऊही त्याच कारखान्यात लागला होता. कायम व्हायला थोडेच दिवस राहिले होते. बायकोला दिवस गेलेले, सकाळी सकाळी तिला उलट्यांवर उलट्या, तिला शेजारी सोपवून धावत आला तेव्हा भोंगा संपत होता आणि बहीण अडसर सरकवत होती. त्यानं फटीतून एक पाय आत घातला.

“ताई, पाय आत आलाय गं माझा.”

“पाय मागे घे,” बाई म्हणाल्या, “चिरडेल.”

त्यानं पाय मागे घेतला. त्या महिन्यात त्याच्या नावापुढे उशिराचा शेरा लागला आणि त्याला कायम केलं नाही. संध्याकाळी दोघं एकाच घरात, एकाच टेबलाला जेवायला बसले. बाई भाताचा घास घेत म्हणाल्या, “फाटकाला भाऊ नसतो.” पुढे भाऊ फर्निचरच्या दुकानाचा टेंपो चालवायला लागला, आणि त्या दिवसाबद्दल त्यानं पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. भावजयीनं मात्र तो विषय एक दिवसही मिटू दिला नाही. त्या वेळी पोटात होती ती हीच पोरगी.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी कारखान्यानं पाळी सुटल्यावर चहा ठेवला होता. साहेबांनी केक मागवला होता. भोंगा झाला आणि सगळी पाळी बाईंच्या समोरून, मान खाली घालून, फाटकाबाहेर निघून गेली. “बस चुकेल,” एवढंच एकजण म्हणाला. बाईंनीच शिकवलं होतं ना, भोंग्यानंतर कुणी रेंगाळायचं नाही! साहेबांनी घड्याळात पाहिलं, केकचा एक तुकडा खाल्ला आणि उरलेला खोका बाईंच्या हाती दिला. बाई तो घेऊन घरी आल्या आणि म्हणाल्या, “शिस्त बघा. एक माणूस थांबला नाही.”

त्यांना त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नव्हतं, निदान त्यांनी तसं कुणाला सांगितलं नाही. केक मात्र कुणाला न देता एकट्यानं संपवला.

घरी आल्या तेव्हा पोरगी आठवीत होती आणि तिच्याइतकं संथ मूल गल्लीत दुसरं नव्हतं. सकाळी शाळेची गाडी कोपऱ्यावर येऊन उभी, आणि ही एका पायात मोजा घालून दुसरा हातात धरून भिंतीवरची मुंग्यांची रांग बघत बसलेली. जेवताना घास हातात, आणि गोष्ट तोंडात. गोष्ट संपेपर्यंत घास गार. दप्तरात गेल्या वर्षीच्या चाचणीचे कागद, सुकलेली पानं, एक तुटकी कंगवी, आणि हवी ती वही कधीच नाही. उद्याचा प्रकल्प आज झोपताना आठवायचा. बाई तिला पहिल्या दिवसापासून गोगलगाय म्हणायला लागल्या. पोरगी हसायची. “गोगलगाईला घर पाठीवर असतं आत्या,” म्हणायची, “तिला उशीर झाला तरी ती घरातच असते.”

आठवीत ती सहामाहीला तीन विषयांत गचकली. शाळेनं बापाला बोलावून घेतलं. परत येऊन तो चप्पल काढता काढता म्हणाला, “ताई, तू बघ हिच्याकडे.” भावजयही नको म्हणाली नाही. जिनं माझ्या नवऱ्याची नोकरी घालवली तिनं पोरीचं एक वर्ष तरी सुधारून द्यावं, असा तिचा हिशेब होता. आणि तो तिनं बोलूनही दाखवला.

दुसऱ्याच दिवशी पुढच्या खोलीच्या भिंतीवर काळा रंग लागला. आठवड्याचे चौकोन पडले. भरीव आणि पोकळ.

बाईंनी शिकवलं ते खोटं नव्हतं, हे भावजयही नाकारत नसे. दप्तर आदल्या संध्याकाळी भरायचं. सकाळी भरलेलं दप्तर म्हणजे पळपुट्याचं गाठोडं. अवघड विषय डोकं ताजं असताना आधी, सोपा नंतर. मोठं काम दिसलं की त्याचे तुकडे पाडायचे आणि एका वेळी एकच तुकडा ताटात घ्यायचा. प्रत्येक वस्तूला एक जागा. वस्तू जागेवर नसेल तर ती वस्तू बाहेर. पट्टी एकदा टेबलावर राहिली तर बाईंनी ती मोडून कचऱ्यात टाकली. तुटकी कंगवी, पानं, जुने कागद पहिल्याच दिवशी गेले होते. जेवायला उशीर झाला तर पोरीनं ताट हातात धरून दाराबाहेर उभं राहायचं, सगळ्यांचं होईपर्यंत. शेजारची मुलं बघत जायची. पहिल्या वेळी ती रडली. दुसऱ्या वेळी ती उभ्या उभ्या पाठांतर करत होती.

“बघितलंस?” बाई भावजयीला म्हणाल्या, “पोकळ वेळ कशी भरली ती?”

मग पोकळ वेळ शोधून काढायचा बाईंना नादच लागला. रविवारी आई पोरीच्या केसांना तेल लावायची, तासभर दोघी बोलत बसायच्या. बाई फळ्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, “तेलाला पाच मिनिटं लागतात. बाकीच्या वेळात काय करता?”

“बोलतो,” भावजय म्हणाली.

“काय?”

पुढच्या रविवारी पोरीचे केस खांद्यापर्यंत कापलेले होते. आईनं ते कापलेले केस बराच वेळ हातात धरले होते, आणि बाई म्हणाल्या होत्या, “फेक ते. का त्यांनाही जागा करून देऊ?”

शिंपिणीची मुलगी पोरीची लहानपणापासूनची मैत्रीण. संध्याकाळी यायची, दोघी पायरीवर बसून खिदळायच्या. बाईंनी एक आठवडा नुसतं पाहिलं. मग एके दिवशी ती आली तेव्हा दार अर्धंच उघडलं.

“काय काम आहे?”

“काही नाही आत्या. अशीच.”

“अशीच म्हणजे काय? तुझी आई दिवसभर मशीन हाणते ती अशीच हाणते? तू नापास होणार आणि शिलाई करणार, ते ठरलेलं आहे. हिचं अजून ठरायचंय. उद्यापासून येऊ नकोस.”

मुलगी पायरीवर तशीच उभी राहिली. बाईंनी कडी घातली. वळून बघतात तर पोरगी मागेच उभी. भावजयीला वाटलं, आता ही आत्याच्या अंगावर धावून जाणार. तिनं ओट्याला धरलं. तिला ते हवंच होतं.

पोरीनं दाराकडे पाहिलं, मग फळ्याकडे. “आत्या,” ती म्हणाली, “म्हणजे संध्याकाळचा हा चौकोन रिकामा झाला. यात काय घालायचं?”

बाईंनी तिला जवळ घेतलं. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला असं जवळ घेतलं नव्हतं, त्यामुळे त्यांचे हात कुठे ठेवायचे तेच त्यांना कळेना. “बीजगणित,” त्या म्हणाल्या. “बीजगणित घाल, राजा.”

नववीत पोरगी वर्गात पहिली आली. गल्लीतल्या आया मुलांना घेऊन बाईंकडे विचारायला यायला लागल्या. बाई खुर्चीवर बसून सांगायच्या, “मूल आळशी नसतं. तुम्हीच त्याच्या दिवसात भोकं पाडता.” आया माना डोलवायच्या आणि बाहेर पडल्यावर एकमेकींना कोपर मारून भोंग्याचा आवाज काढायच्या.

गोगलगाय हे नाव कधी गळून पडलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता बाईंना काही सांगावं लागत नव्हतं. मामाच्या घरी लग्न निघालं, तेव्हा पोरगी स्वतःच म्हणाली, “मला पाहून नवरी-नवरा काय जास्त सुखी होणार आहेत?” बापाबरोबर रविवारी टेंपोतून फिरायला जायची तिची लहानपणापासूनची सवय, तिनं एके दिवशी बापाला सांगितलं, “बाबा, तुम्ही रस्ताभर काही बोलत नाही. मग दोघांनी कशाला जायचं? तुम्ही एकटे जात जा.” बाप एकटा जायला लागला. मग तोही जायचा थांबला.

गेल्या उन्हाळ्यात बाई जिन्यावरून घसरल्या. शेवटच्या पायरीवर, गुडघ्यावर. पोरगी वरून क्लासला निघालेली. तिनं खाली पाहिलं, “आई येतेच आहे दुकानातून,” म्हणाली, आणि आत्याच्या पसरलेल्या पायांवरून काळजीपूर्वक पाऊल टाकून निघून गेली. बाईंनी ही गोष्ट गल्लीभर सांगितली. कौतुकानं! “थांबली नाही हो पोरगी! मी विव्हळतेय, आणि ही वेळेवर क्लासला!” ऐकणाऱ्या बायकांना हसावं की काय करावं ते कळेना. एक म्हातारी तेवढी म्हणाली, “भोंगाबाई, देव तुम्हाला आणखी पडायला न लावो.” बाईंनी पहिल्यांदाच ते नाव तोंडावर ऐकलं आणि त्या उठून आल्या.

गुडघा सुजला तो सुजलेलाच राहिला. वरच्या खोलीत एक पलंग आणि एक टेबल. पोरगी आणि आत्या दोघी तिथेच. शाळेची उन्हाळ्याची सुट्टी संपली तशी पोरगी म्हणाली, “एका खोलीत दोघी म्हणजे कुणालाच पूर्ण खोली नाही. तुझ्या गुडघ्याला जिना नको. मला आवाज नको. दोघींचं एकदम होतं.” बाई म्हणाल्या, “बघा, कसा विचार करते!” आणि भावानं त्यांची खाट जिन्याखाली, जिथे आधी चपलांचं कपाट होतं, तिथे आणून टाकली. तात्पुरती. कपाटाची जागा गेली म्हणून चपला खाटेखाली गेल्या. घरात येणारा प्रत्येकजण बाईंच्या पायापाशी वाकून चप्पल काढत असे. लांबून ते नमस्कारासारखं दिसे.

तिथली भिंत ओलसर. थंडी पडली तसा खोकला सुरू झाला.

वर खुर्ची सरकली. कुजबुज तिथल्या तिथे थांबली. भाऊ तेवढ्यात दारातून आत आला होता आणि खाटेपाशी वाकून बुटाची नाडी सोडत होता. त्याला काही माहीत नव्हतं, किंवा सगळं माहीत होतं. त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही सारखंच दिसायचं.

पोरगी खाली आली. हातात पेपर, कानामागे पेन्सिल. “शेवटच्या भागात तीन वेळा खोकला झाला,” ती म्हणाली. “एक गणित सुटलं नाही.”

“ये, बस,” आई म्हणाली. “एक विचारायचंय तुला. आत्याच म्हणाल्यात, तुला विचारा म्हणून.”

“अगं, तू नको सांगूस, मी सांगते,” बाईंनी खाटेवरून हात पुढे केला. “हे बघ राजा. तुझी आई म्हणतेय, मला त्या म्हाताऱ्यांच्या घरात टाकायचं. तिथे खाट रिकामी झालीय म्हणे. मी म्हटलं, पोरीला विचार. पोरगी काय म्हणेल ते मला मान्य. सांग तिला.”

पोरीनं पेपर टेबलावर ठेवला. ती रागावली नाही, दचकलीही नाही. अवघड गणित समोर आल्यावर जशी ती आधी नुसती बघत राहायची, तशी तिनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग फळ्यापाशी जाऊन एका कोपऱ्यातलं जुनं वेळापत्रक पुसलं आणि खडू घेतला.

“परीक्षेपर्यंत घरात काय काय लागतं ते बघू,” ती म्हणाली. तिनं एक चौकोन काढला. “आई. डबा, कपडे, घर. भरीव.” चौकोन खडूनं भरला. दुसरा काढला. “बाबा. क्लासला सोडणं, आणणं. भरीव.” तिसरा काढला आणि खडू तसाच धरून वळली.

“आत्या, तू काय करतेस?”

बाई हसल्या. “म्हणजे काय? तुला उठवते मी!”

“गजर उठवतो. तू त्याच्या आधी खोकतेस, म्हणून गजराआधीच जाग येते.”

“तुझी उजळणी कोण घेतं?”

“घेत होतीस. नववीपर्यंत. आता तू प्रश्न वाचतेस आणि उत्तर बरोबर आहे की नाही ते मलाच विचारतेस. त्यापेक्षा मी एकटी लवकर करते.”

“हे वेळापत्रक...” बाईंचा आवाज पहिल्यांदाच कुजबुजीच्या वर गेला, “हे सगळं कुणी शिकवलं तुला?”

“तू,” पोरगी म्हणाली. “पण ते आता शिकून झालं ना.”

भावजयीनं तोंड दुसरीकडे फिरवलं. ती हसत नव्हती. खरं तर तिला जे हवं होतं ते समोर घडत होतं, आणि तरी तिचा हात आपोआप स्वतःच्या चौकोनाकडे, तो अजून भरलेला आहे ना हे बघायला, वर उचलला गेला होता.

“त्या खोलीला पैसे माझे लागलेत,” बाई म्हणाल्या. म्हणता म्हणताच त्यांना कळलं की हे आपण चुकीचं बोललो. पत्र्याखाली उभे राहणारे असंच काहीबाही बोलत. माझी इतकी वर्षं झालीत हो, मी कालपर्यंत कधी उशीर केला नाही हो.

“खोली झाली बांधून,” पोरगी म्हणाली. “ते मागचं काम. मागच्या कामानं आजचा चौकोन भरत नाही, तूच म्हणायचीस.”

बाईंनी भावाकडे पाहिलं. आता हा बोलेल, त्यांना वाटलं. फाटकाला भाऊ नसतो, हे वाक्य इतकी वर्षं त्यानं दातांखाली धरलंय, ते आता माझ्या तोंडावर फेकेल. त्यांनी त्याची वाटसुद्धा पाहिली. तेवढं म्हणाला असता तर भांडता आलं असतं, रडता आलं असतं, तू माझा धाकटा भाऊ म्हणता आलं असतं.

भावानं दुसरा बूट काढला, दोन्ही बूट जोडीनं खाटेखाली सरकवले आणि सरळ उभा राहिला.

“रविवारी टेंपो रिकामाच असतो,” तो म्हणाला.

बाईंना खोकल्याची उबळ आली. त्यांनी पदर, रुमाल काही न शोधता उशीच तोंडावर दाबून धरली. उशीच्या आत जे व्हायचं ते झालं, बाहेर आवाज फुटला नाही. खांदे हलत राहिले. तिघं थांबले होते. खोकला संपेपर्यंत कुणी पुढे झालं नाही. कुणी पाण्याचा पेलाही उचलला नाही, कारण पेला उचलायची वेळ आणि ठेवायची वेळ यांच्यामध्ये उगीचच काहीतरी बोलावं लागलं असतं.

उशी खाली आली तेव्हा बाईंचे डोळे लाल झाले होते. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. तिसरा चौकोन तसाच होता. त्याच्या रेषा सरळ होत्या, चारही कोपरे जुळलेले होते. आठवीत असताना या पोरीला सरळ रेघ मारता येत नव्हती. बाईंनीच तिच्या बोटांवर पट्टी मारून ती शिकवली होती.

“तिथे...” त्या म्हणाल्या. “तिथे भेटायला येशील का गं?”

पोरीनं विचार केला. ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती. तेही बाईंनीच शिकवलं होतं. “परीक्षा होईपर्यंत नाही. मग पुढच्या प्रवेशाचा अभ्यास सुरू होईल. त्याच्यानंतर बघू.” मग तिला काहीतरी आठवलं आणि तिचा आवाज जरासा मऊ झाला. “आई सांगत होती, तिथे सगळं घंटेवर चालतं. चहाची घंटा, जेवणाची घंटा, झोपायची घंटा. तुला आवडेल आत्या.”

तिनं खडू फळीवर ठेवला, हात झटकले, पेपर उचलला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, घरात दोन वर्षांत कुणी न काढलेल्या, भरल्या आवाजात म्हणाली:

“रविवारी सकाळी आत्याला पोचवायचं. सामान शनिवारी संध्याकाळीच बांधून ठेवा, सकाळी बांधाबांध नको. दहाला मला बाबा परत हवेत, क्लास आहे.”